वहिनीची गुलाबी अळी

वहिनी, तुझ्या तेरवीला बोथ गावाकडून एक म्हातारे गृहस्थ आले होते. धोतर, डोक्याला रुमाल, काखेत छत्री. आमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत नव्हतं. तुझ्या फोटोपुढे उभे राहिले, हात जोडले आणि मग खोलीभर इकडेतिकडे पाहू लागले. दादानं विचारलं, "काय पाह्यजे, काका?" तर म्हणाले, "बाईची अळी कुठं हाय?"

मीच त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले. तुझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेली सात फुटांची गुलाबी बोंडअळी दिवाणावर निजलेली होती. त्यांनी साडीचं टोक बाजूला केलं, अळीच्या तपकिरी डोक्यावर तळहात ठेवला. आजारी जनावराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणाले, "यंदा बाजारात नाई येनार का मंग?"

मी त्यांना जेवून जा म्हटलं. ते जेवले, दादाशी पावसाबद्दल चार शब्द बोलले आणि बसला निघून गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर आठ दिवस मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही.

तू लग्न होऊन मुधोळहून आमच्या घरी आलीस तेव्हा मी दहावीत होते. आईनं बजावलं होतं, वहिनीला अहो-जाहो करायचं. मी आठवडाभर "वहिनी, तुम्ही" करत राहिले आणि एक दिवस तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "तुमी म्हनू नको मले. परकं वाटते. मी का साहेब हाय?" तेव्हापासून तू. पुढे माझं लग्न झालं तेही दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे तुझं माझं घर कधी वेगळं झालंच नाही. सकाळचा चहा माझ्याकडे, संध्याकाळचा तुझ्याकडे.

तू शेतकी खात्याच्या दफ्तरात कारकून होतीस. तुझं काम फायलींच्या मिसली लावायचं, आवकजावक लिहायचं. बाजाराला जाणं तुझ्या कामात नव्हतं. पण बोंडअळीचा सुळसुळाट झाला त्या वर्षी साहेब लोक जीपनं बाजारोबाजार फिरून पत्रकं वाटू लागले. पत्रकं तेलुगूत. आपल्या आदिलाबादकडचे लोक बाजारात तेलुगू बोलतात, भाव करतात, भांडतातसुद्धा. पण सीमेवरच्या गावांत वाचायचं म्हटलं तर अनेकांना मराठीच बरी पडते. म्हणून समजावून सांगायला तुला जीपमध्ये बसवून नेलं.

पहिल्या दिवशी परत आलीस ती माझ्याच ओट्यावर बसलीस. चप्पल काढायचंही भान नव्हतं.

"शालू, लोक ऐकते, मुंडी हालवते अन् जाते," म्हणालीस. "अळी दिसतच नाई ना कोनाले. बोंडाच्या आत बसून खाते. बोंड फुटलं की मंग समजते. न दिसनाऱ्या गोष्टीले मानूस कसा भेईन?"

"मग दाखव," मी म्हटलं. सहज म्हटलं होतं.

पंधरा दिवसांत तू अळी केलीस. जुने पेपर भिजवून, त्यात वाटलेली मेथी घालून लगदा केलास आणि बांबूच्या कामट्यांवर थापलास. वर गुलाबी रंग. बोथच्या बाजारात लोकांनी खरंच गर्दी केली. पण अर्ध्या तासात पावसाची एक सर आली आणि तुझी अळी तुझ्याच हातात वितळली. घरी आलीस तेव्हा पदरावर, कोपरांवर, पायांवर गुलाबी ओघळ. दादा दारात उभा होता. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "पानी तापवू का?"

रबराच्या दुधाचा शोध तू कसा लावलास ते तू कधी नीट सांगितलं नाहीस. काथ्याच्या गाद्या करणाऱ्या माणसाशी तुझं बोलणं झालं एवढं मला माहीत. काथ्या एकमेकाला चिकटावा म्हणून ते लोक त्यावर रबराचा पातळ चीक फवारतात. त्याच्याकडून तू कॅन भरून आणलास, घरात झाकण उघडलंस आणि मला निरोप पाठवलास, "ये, तुह्या कालेजाचा वास आला आमच्या घरात." आले तर डोळ्यांतून पाणी. अमोनियाचा वास मला वीस वर्षांचा ओळखीचा. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक, तो वास माझ्या ओढणीत मुरलेला. मी आधी खिडक्या उघडल्या आणि मग कंबर कसून तुझ्यासोबत बसले.

ते दिवस मला अजून हाताला लागतात. जुन्या गादीचा फोम तू विळीवर कापून अळीची वळ्या-वळ्यांची पाठ घडवायचीस. मी ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून तुझ्या हाती द्यायची, नाहीतर चिकाचा गोळा होऊन ब्रश कायमचा कामातून जायचा. पातळ थर द्यायचा, तो दुधासारखा पांढरा. मग वाट पाहायची. पांढरेपणा जाऊन तो पिवळसर, आरपार दिसणारा झाला की वाळला. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी अंगाला अंग चिकटू नये म्हणून वरून शंखजिऱ्याची पूड. रंगही चिकातच कालवायचा, म्हणजे ताणला तरी तडकत नाही. गुलाबी रंगावरून आपण किती भांडलो. मी म्हणायची, फार फिका झाला. तू काडेपेटीतून खरी अळी काढायचीस, तळहातावर घ्यायचीस, तिला या अळीशेजारी धरायचीस आणि म्हणायचीस, "इले इचार."

मग बाजार सुरू झाले. बोथ, गुडीहत्नूर, जिथं जीप जाईल तिथं. तू अळी खांद्यावर घेऊन उतरायचीस आणि लोक आपोआप वाट करून द्यायचे. दफ्तरात दहा माणसांसमोर तोंड न उघडणारी तू, तिथं तुझा आवाज भाजीवाल्यांच्या वर जायचा.

"हे पाहा, हे तुमच्या बोंडात राह्यते. भाडं देत नाई."

लोक हसायचे. हसले की थांबायचे. मग तू डोमकळ्या दाखवायचीस. अळी आत शिरलेलं फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, ते कसं ओळखायचं, कसं तोडायचं, तोडून बांधावर न टाकता का जाळायचं. तेलुगू माणूस दिसला की त्याच्या भाषेत अळीला "पुरुगु, पुरुगु" म्हणत त्याच्याकडे अळीचं तोंड वळवायचीस. मी दोन-तीनदा सोबत आले. गर्दीच्या मागे उभी राहून मी अळी पाहतच नव्हते, तुझ्याकडे पाहत होते. माझी वहिनी एवढी मोठी बाई आहे हे मला बाजारात कळलं.

पण आपल्या आदिलाबादचं हवामान कुणाला सोडतं? उन्हाळ्यात भिंती रात्रीपर्यंत आग ओकतात, पावसाळ्यात कपाटातले कपडे वास मारतात आणि हिवाळ्यात नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. रबराला यातलं काहीच सोसत नाही. पहिल्याच हंगामात जीपच्या टपावर उन्हात बांधून नेल्यानं पाठीवर बारीक भेगा पडल्या. तू त्यावर दाराला लावायचा ऑइलपेंट दिलास. तो दगडासारखा कडक झाला आणि अळी वाकवताच आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखा तडकला. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीस, तर आत घाम सुटून पोटावर काळी बुरशी. एकदा फळीवर जागा नाही म्हणून तू तिच्यावर तांब्याचं घंगाळ ठेवलंस, तर तेवढ्या जागेचं रबर चिघळल्यासारखं झालं. तांबं रबराला खातं, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "तुले सगळं माहीत असते, पन नुकसान झाल्यावर."

बरोबरच होतं तुझं. आणि आता मी जे सांगणार आहे ते त्याच्याही पुढचं आहे. सात वर्षं हे माझ्या पोटात आहे.

दुसऱ्या हंगामाची गोष्ट. तुझ्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून तू आठ दिवस मुधोळला गेलीस. दादा दिवसभर कामावर, घराची किल्ली माझ्याकडे. तू यायच्या दिवशीच गुडीहत्नूरचा बाजार होता, आणि तू परस्पर तिकडेच उतरणार, अळी जीपमधून येणार असं ठरलं होतं. मी झाडायला म्हणून खोलीत गेले तर अळीच्या पाठीवरच्या भेगा वाढलेल्या दिसल्या. माझ्या मनात आलं, चपलेचं कातडं सुकलं की आपण तेल लावतो, मऊ पडतं. तुझ्या शिवणयंत्राच्या खणात तेलाची बाटली होती. मी कापसाचा बोळा घेतला आणि डोक्यापासून शेपटापर्यंत अळीला तेलानं माखलं.

काय चमकली ती, वहिनी. भेगा दिसेनाशा झाल्या. अंग भरल्यासारखं, जिवंत दिसू लागलं. तू बघशील तेव्हा काय म्हणशील याचा विचार करत मी खुशीत घरी गेले.

आणि कॉलेजात मी वीस वर्षं काय करत होते? काचेची नळी रबरी नळीत घालताना ग्लिसरीन लावा, तेल लावू नका, तेलानं रबर फुगतं, कुजतं. दर वर्षी नव्या वर्गाला मी हे सांगायची. तोंडानं सांगायची. हाताला ते ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर अळी फुगलेली, बोट लावलं तर बोटाला चिकटणारी. मी जुन्या फडक्यानं पुसत राहिले, जितकं पुसावं तितकं चिकट. शेवटी वासाची टाल्कम पावडर आणून डबाभर तिच्यावर ओतली. वरून कोरडी दिसू लागली. मी ती साडीत गुंडाळली आणि जीप आल्यावर ड्रायव्हरच्या ताब्यात दिली. तुला फोन करून सांगता आलं असतं. मी केला नाही. तुझ्या आईचं ऑपरेशन, तू दमलेली, उगीच कशाला, अशी कारणं मी स्वतःला दिली. पण खरं कारण एवढंच की मला लाज वाटत होती.

त्या बाजारात मीही आले होते. घरी बसवेना. उन्हं चढलेली, माणसं जमलेली. तू नेहमीसारखी अळी पाठीला धरून उचललीस आणि तिची पाठ सोलून तुझ्या हातात आली. खालचा पिवळा फोम उघडा. कुणीतरी हसलं. तू हातातल्या त्या लोंबत्या कातडीकडे पाहिलंस. एक क्षण मला वाटलं तू रडशील.

तू ती कातडी वर धरलीस आणि म्हणालीस, "पाह्यलं? कात टाकते हे. कात टाकते अन् मोठी होते. तुमाले वाटते मेली. मेली नाई, वाढली."

लोक पुढे सरकले. तू पुढचा अर्धा तास उघड्या फोमच्या अळीनं बोललीस. मला वाटतं, तेवढं चांगलं तू कधीच बोलली नव्हतीस.

परत येताना जीपमध्ये तू बोटं एकमेकांवर घासत होतीस, चिकटपणा जात नव्हता. गुडीहत्नूर मागे पडल्यावर म्हणालीस, "शालू, उनानं झालं असन, नाई?"

मी म्हटलं, "हो, उन्हानंच."

बस, एवढंच. दोन शब्द.

त्या हंगामात अळी पुन्हा उभी राहिली नाही. बोथचे राहिलेले बाजार चुकले. ते तुला फार लागलं. साहेबांनी पत्रकं वाटली, तू नुसती उभी राहून सांगितलंस, पण तुझ्या हातात काही नव्हतं आणि लोक पुन्हा मुंडी हलवून जाऊ लागले. पुढच्या हिवाळ्यात तू सगळं पहिल्यापासून केलंस. नवा फोम, नवा चीक. आणि एक नवी सवय लावून घेतलीस. कुठलाही थर देण्याआधी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर द्यायचा, चार दिवस उन्हात, चार दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा, मगच अळीला. मी एकदा म्हटलं, "एवढं कशाला?" तर तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "आता कोनाच्या हातावर भरोसा नाई."

मी समजले. तुला कळलं होतं. तेलाचा वास आला असेल, बाटली रिकामी दिसली असेल. तुला माहीत असल्याचं तू मला दाखवत नव्हतीस, एवढंच. मोठं मन आहे वहिनीचं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तुझ्या त्या मोठ्या मनाच्या आडोशाला मी सात वर्षं बसून राहिले. तुझ्यासाठी दुप्पट राबले, तू हाक मारायच्या आत हजर झाले. तुला वाटायचं, नणंद किती जीव लावते. लावत होतेच, वहिनी. पण त्यात फेडही होती.

शेवटी उपाय सापडला तो दादाला. तो वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर घराच्या मागे लागला होता. मृगाच्या आधी गच्चीला पाणी झिरपू नये म्हणून पांढरा वॉटरप्रूफ रंग देत होता. ब्रशवर वाळलेला रंग त्यानं सोलून काढला तर तो फुग्यासारखा ताणला गेला. वर्षानुवर्षं आपल्या उद्योगाकडे दुरून पाहणारा दादा तो तुकडा घेऊन खाली आला आणि तुझ्या पुढ्यात धरला. "हे लावून पाह्य. तानते, फाटत नाई."

तू पुठ्ठ्यावर लावलंस. एकदा नाही, तीनदा. पहिला थर त्यात निम्मा चीक कालवून, म्हणजे खालच्याला धरून राहील, वरचे दोन गुलाबी रंग मिसळून पण पातळ. पूर्ण वाळल्यावर पूड, आणि पूड झटकून गाडीच्या डॅशबोर्डला लावतात ते सिलिकॉनचं पॉलिश, तेलाचा थेंब नसलेलं. बाटलीवरचं बारीक अक्षर तू मला वाचायला लावलंस आणि पुन्हा विचारलंस, "तेल नाई ना यात? नक्की?" मी म्हटलं, "नाही, वहिनी." त्या वेळीही मला वाटलं, तू मला टोचते आहेस.

त्यानंतर ती अळी टिकली. ऊन, पाऊस, जीपचे धक्के सगळं सोसून टिकली. दर मृगाआधी एक नवा थर, दर दिवाळीनंतर पुसून, पोटात काही दुमडू नये अशी लांब निजवून, साडीत गुंडाळून अंधाऱ्या खोलीत. आणि ती टिकली तसं आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, आता भर उन्हात नेऊ नको, एवढी मेहनतीनं केलेली वस्तू, बाजाराला एक छोटी कर आणि ही घरी ठेव. तू म्हणायचीस, "घरी कोनाले दाखवू? तुह्या दादाले?"

"अगं, पण टिकली पाहिजे ना."

"टिकवाची कायले, शालू? उनात न्याची म्हनूनच टिकवाची ना?"

हे भांडण मिटलं नाही. तू आजारी पडलीस तरी चालूच होतं. नागपूरच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं त्या आठवड्यात तू उशीवरून मान वळवून म्हणालीस, "मृग आला. अळीले थर देजो." मला राग आला. इथं तुझ्या हातात सुई लावायला शीर सापडत नव्हती आणि तुला अळी. मी म्हटलं, "तू बरी हो आणि तूच दे." तू डोळे मिटलेस. पुन्हा तो विषय काढला नाहीस. तुझ्याशी माझं शेवटचं नीटसं बोलणं ते, आणि ते असं तोडून टाकणारं.

तेरवीनंतर नवव्या दिवशी मी त्या खोलीत गेले. पावसानं भिंतीला ओल आली होती. अळीच्या मानेजवळ बारीक भेग दिसली, यंदाचा थर राहिला म्हणून. मी ओसरीत पेपर पसरले, अळी आणून ठेवली, ओलं फडकं फिरवलं, सावलीत वाळवली. दादा आला आणि न बोलता रंगाचा डबा उघडून ढवळू लागला. मी ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवला. आणि मला पुढे काही करता येईना.

मी दादाला सगळं सांगितलं. तेल, पावडर, जीपमधले ते दोन शब्द. सांगताना खाली पाहत होते. शेवटी म्हटलं, "वहिनीला माहीत होतं, दादा. पण तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही."

दादा ढवळायचा थांबला.

"तिले नव्हतं माहीत," तो म्हणाला.

"असं कसं? ती म्हणाली होती, कुणाच्या हातावर भरोसा नाही."

"सोताच्या हातावर म्हने ते. मुधोळले जायच्या आधी तिनं डब्याच्या बुडातलं रबराचं जुनं दूध वापरलं होतं पाठीले. तिले वाटे त्यानंच झालं. माह्याच हातानं बोथवाल्यायचं नुकसान झालं म्हने. दवाखान्यातबी एकदा काढलं होतं. म्या म्हटलं, सोड ना आता. तर म्हने, पुठ्ठ्यावर पाह्यलं असतं तर."

वहिनी, मी सात वर्षं तुझ्या क्षमेच्या सावलीत बसले होते आणि तुला क्षमा करायचं काही ठाऊकच नव्हतं. तू तुझ्या हाताला दोष देत होतीस. तो पुठ्ठा, तो चार दिवसांचा हिशेब, "तेल नाई ना यात?" हे सगळं मला टोचायला नव्हतं. ते भ्यायलेल्या माणसाचं जपून चालणं होतं, आणि भीती मी घातली होती. दोन शब्द बोलले असते तर ते तुझ्या डोक्यावरून उतरलं असतं. तू एक दिवस रागावली असतीस, दोन दिवस माझा चहा घेतला नसतास, आणि मग म्हणाली असतीस, तुले सगळं माहीत असते पन नुकसान झाल्यावर.

मला ते ऐकायचं होतं. आता कोण म्हणणार?

दादा उठून गेला नाही. त्यानं अळी दोन्ही हातांनी उचलून तिची पाठ माझ्याकडे करून धरली, म्हणजे मला थर देता यावा. आपण दोघींनी इतकी वर्षं हे काम केलं, पण त्याला कधी हात लावू दिला नव्हता. त्याला धरता येतं चांगलं. हलू देत नाही.

मागच्या आठवड्यात मी बोथच्या बाजाराला गेले. रजा टाकली, जीपवाल्याला विचारलं, तो हो म्हणाला. कपाशीला फुलं लागली आहेत, हीच वेळ. अळी खांद्यावर घेतली तेव्हा ती किती जड आहे ते पहिल्यांदा कळलं. आणि माझं तोंड उघडेना. आवाज भाजीवाल्यांच्या खालीच राहिला. तुझी वाक्यं मला पाठ होती पण माझ्या तोंडी ती पाठ केल्यासारखीच वाटत होती. लोक थांबले, अळी पाहिली, तू कुठं आहेस विचारलं. मी सांगितलं. दोघं-तिघं हळहळले, एका बाईनं पदर डोळ्याला लावला. मग बहुतेक जण पांगले.

ती बाई मात्र थांबली. चाळिशीची असेल, हातात कुंकवाच्या रंगाची पिशवी. तिनं मूठ पुढे केली आणि उघडली. आत मिटलेलं फूल होतं. मी पाकळ्या नखानं सोडवल्या. आत बारीकशी, अजून गुलाबीही न झालेली.

"हेच का, बाई?" तिनं विचारलं.

तुला म्हणत तसं मला त्या बाजारात कुणी पहिल्यांदाच बाई म्हटलं. "हाव, हेच," मी म्हटलं.

ती खाली पाहू लागली. म्हणाली, "माह्यंच चुकलं असन. मालकानं फवारनी माह्यावर सोडली होती. म्याच काई कमीजास्त केलं असन. घरी सांगतलं नाई अजून."

मी अळी खाली ठेवली. तिच्या तळहातावरचं फूल माझ्या हातात घेतलं. आणि माझा आवाज, जो सकाळपासून निघत नव्हता, तो निघाला.

"तुह्यं काई चुकलं नाई," मी तिला म्हटलं. "हे फुलाच्या आत शिरून बसते, तिथं फवारनी पोचत नाई. तुह्या हातानं झालं नाई. घरी सांग. आजच सांग."

तिनं मान हलवली, पण जायला वळली नाही. मी पुन्हा म्हटलं, "तुह्या हातानं झालं नाई." मग तिसऱ्यांदा. तिला एकदाच पुरलं असतं, वहिनी. बाकी दोनदा तुला म्हटलं.